नोंदवहीत नाव गेलं की: लिंग, लैंगिकता आणि सरकारी हिंसा

निळी शाई (धागाकर्ती):

१८७१ हे साल गेले काही दिवस डोक्यातून जात नाहीये. त्या एका वर्षात दोन कायदे झाले. नव्याने जन्मलेल्या जर्मन साम्राज्याने आपली दंडसंहिता मंजूर केली आणि तिच्या कलम १७५ ने पुरुषा-पुरुषांतला संबंध गुन्हा ठरवला. त्याच वर्षी इकडे इंग्रज सरकारने क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला. गुन्हेगार जमाती कायदा म्हणून तो आपण भटक्या-विमुक्तांच्या संदर्भात ऐकलेला असतो. त्याचा दुसरा भाग मात्र फारसा कुणी उघडत नाही. तो तृतीयपंथीयांवर होता. कायद्यातला शब्द 'युनक'. वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब इथे तो लागू झाला.

त्यात काय होतं ते जरा सावकाश वाचा. सरकारने एक नोंदवही ठेवायची. मुलं पळवणं, त्यांचं खच्चीकरण करणं किंवा कलम ३७७ (भारतीय दंडविधानातलं 'अनैसर्गिक संभोगा'चं कलम) चा गुन्हा यांचा ज्यांच्यावर 'वाजवी संशय' आहे अशा लोकांची नावं-पत्ते तिच्यात लिहायचे. गुन्हा शाबीत व्हायला नको, संशय पुरे. त्यांच्या मालमत्तेचीही नोंद करायची. एकदा नाव चढलं की त्या माणसाने रस्त्यावरून दिसेल अशा जागी बायकी कपडे-दागिने घालायचे नाहीत, चारचौघांत नाचायचं-वाजवायचं नाही. दिसला तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. सोळा वर्षांखालचा मुलगा जवळ ठेवायचा नाही. दत्तक घ्यायचं नाही, बक्षीसपत्र करायचं नाही, मृत्युपत्र करायचं नाही.

मला अटकेपेक्षा या शेवटच्या तीन गोष्टी जास्त भयंकर वाटतात. जिथे वारसा गुरूकडून चेल्याकडे जातो, तिथे नेमकी तीच वाट बुजवली. कुणाला हात लावायचा नाही, फक्त हा समाज या पिढीबरोबर संपेल अशी व्यवस्था करायची.

जर्मनीतही सुरुवात यादीपासूनच. समलिंगी पुरुषांच्या पोलिसांकडच्या याद्यांना 'गुलाबी याद्या' म्हणत, आणि त्या नाझींच्या आधीपासून होत्या. १९३३ नंतर त्या आयत्या हाती आल्या. १९३५ मध्ये कलम आणखी कडक झालं. १९४५ पर्यंत सुमारे १ लाख पुरुषांना अटक झाली, त्यातल्या जवळपास निम्म्यांना शिक्षा झाली, आणि काही हजार जण कपड्यावर गुलाबी त्रिकोण शिवून छळछावण्यांत गेले. १९३६ मध्ये यासाठी जे खास खातं उघडलं त्याच्या नावातच समलैंगिकता आणि गर्भपात हे दोन्ही 'शत्रू' शेजारी शेजारी होते. कोणी कुणाबरोबर झोपावं आणि कोणी किती मुलं जन्माला घालावीत, हे सरकारच्या लेखी एकच काम होतं. एकच कपाट, एकच कारकून.

युद्ध संपलं, नाझी गेले, कलम राहिलं. पश्चिम जर्मनीने १९३५ चाच मजकूर १९६९ पर्यंत जसाच्या तसा चालवला आणि आणखी सुमारे ५० हजार जणांना शिक्षा दिल्या. घटना न्यायालयाने १९५७ मध्ये त्यावर शिक्कामोर्तबही केलं. कलम पूर्ण गेलं १९९४ ला. युद्धानंतरच्या शिक्षा रद्द झाल्या २०१७ मध्ये, भरपाई प्रत्येक शिक्षेमागे ३ हजार युरो आणि तुरुंगातल्या प्रत्येक वर्षामागे दीड हजार. तोवर त्यातले किती जण जिवंत असतील?

सरकारी हिंसा म्हटलं की आपल्यापुढे काठी येते, कोठडी येते. काठी शेवटी येते. तिच्या कितीतरी आधी कुणीतरी टेबलाशी बसून खाने आखलेले असतात. धागा यासाठी काढला. अनुभव, वाचन, विरोध, सगळं चालेल.


शंकासूर:

माहिती चांगली आहे, पण निष्कर्ष ओढूनताणून वाटतो. सरकार यादीशिवाय चालत नाही. जनगणना यादीच आहे, मतदारयादीही यादीच. उद्या तृतीयपंथीयांसाठी योजना आणायची तर त्यांची संख्या नको का? यादीला हिंसा म्हणायचं तर मग तलाठीही गुन्हेगार.


निळी शाई:

@शंकासूर, तलाठ्याची बाजू घेतलीत ते बरं केलंत, त्या बिचाऱ्याच्या बाजूने कुणीच बोलत नाही. :)

फरक माझ्या मते असा: मतदारयादीत नाव नसेल तर आपण भांडतो, या यादीत असेल तर पळतो. १८७१ च्या नोंदवहीत नाव चढल्याने एकही हक्क मिळत नव्हता, होते तेवढे जात होते. शिवाय तुमच्या सातबाऱ्यावर 'संशय' असा खाना नसतो.


काळा कोट:

धागाकर्तीने ज्याला खाने म्हटलंय त्यांचं न्यायालयात काय होतं ते थोडं सांगतो. १८८४ चा एक निकाल आहे, क्वीन एम्प्रेस विरुद्ध खैराती, अलाहाबाद उच्च न्यायालय. खैराती बायकी कपडे घालून गात होता म्हणून पोलिसांनी उचललं. मग सरकारी डॉक्टरकडून त्याच्या शरीराची तपासणी करवली आणि डॉक्टरला जी 'लक्षणं' दिसली त्यावरून ३७७ लावलं. कुणाबरोबर, कुठे, कधी, काही नाही. सत्र न्यायालयाने शिक्षाही दिली. उच्च न्यायालयाने सोडलं, कारण वेळ, जागा आणि दुसरी व्यक्ती यांपैकी काहीच शाबीत नव्हतं. पण तपासणी तर होऊन गेली होती ना. ती कुठलं न्यायालय परत घेणार?

'शरीर तपासा, चारित्र्य कळेल' ही समजूत फार चिवट आहे. ब्रिटनमध्ये १८६४ पासून आणि भारतात १८६८ पासून संसर्गजन्य रोग कायदे होते. वेश्याव्यवसायातल्या बायकांची नोंदणी, ठरावीक काळाने सक्तीची तपासणी, रोग सापडला की लॉक हॉस्पिटलात, म्हणजे गुप्तरोगांच्या बंद इस्पितळात, डांबायचं. रोग सैनिकांना होऊ नये म्हणून हा खटाटोप, आणि तपासायचं मात्र बायकांना. जोसेफीन बटलर यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं चळवळ चालवली तेव्हा कुठे १८८६ मध्ये ब्रिटनमधला कायदा गेला.

आणि हे राणीच्या काळातलंच नव्हे. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ३५ वर्षांच्या एका भारतीय शिक्षिकेची 'कौमार्य चाचणी' झाली. लग्नासाठी आलेय म्हणते, मग खरंच अविवाहित आहे का हे पाहायला! बातमी फुटल्यावर गदारोळ झाला. पुढे, २०११ मध्ये, जुने सरकारी कागद बाहेर आले तेव्हा कळलं की दिल्ली-मुंबईच्या ब्रिटिश कचेऱ्यांमध्ये अशा किमान ८० चाचण्या झाल्या होत्या. त्याच २०११ च्या मार्चमध्ये कैरोत तहरीर चौकातून पकडलेल्या मुलींवर इजिप्तच्या लष्कराने हेच केलं. आपल्याकडे बलात्कारपीडितेची 'टू फिंगर टेस्ट' (बोटांनी केलेली योनीतपासणी) सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चूक ठरवली, आणि तरी २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं की जो ही चाचणी करेल तो गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते याचा अर्थ काय ते ज्याने त्याने समजावं.


भिंगरी:

वाचते आहे. गर्भपाताचा उल्लेख आला म्हणून रुमानियाचं लिहिते. १९६६ मध्ये तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने फर्मान ७७० काढलं. ४५ वर्षांखालच्या आणि चारपेक्षा कमी मुलं असलेल्या बाईला, काही अपवाद सोडता, गर्भपात बंद. पुढच्याच वर्षी जन्मांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. मग बायकांनी आपापले मार्ग शोधले, आकडा घसरला, तशी नजर आणखी कडक झाली. ऐंशीच्या दशकात तर कारखान्यांत बायकांच्या स्त्रीरोग तपासण्या व्हायच्या, कोण गरोदर आहे ते सरकारला आधी कळावं म्हणून. लोक त्याला पाळीचे पोलीस म्हणायचे. आपोआप गर्भ पडला तरी चौकशी. चोरून केलेल्या गर्भपातांत अंदाजे १० हजार बायका मेल्या.

राजवट डिसेंबर १९८९ मध्ये कोसळली. नव्या सरकारने अगदी पहिल्या दिवसांत जे रद्द केलं त्यात हे फर्मान होतं. म्हणजे घाव कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊकच होतं.

अवांतर: पुरुषही सुटत नाहीत. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या. तिथेही टार्गेट होतं, म्हणजे खाने होतेच.


अभ्यागत:

हे सगळं परदेशी पैशावर चालणाऱ्या


संपादक मंडळ:

वरील प्रतिसादातला वैयक्तिक शेरेबाजीचा भाग काढला आहे. विषयाला धरून लिहावे.


रात्रपाळी:

मी ३४ वर्षं खात्यात होतो, शिपायापासून सुरुवात. इथे पोलिसांची बाजू कुणी मांडणार नाही म्हणून लिहितोय, पण बाजू मांडायला बसलो तर हात अडखळतोय.

खरं सांगायचं तर आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. स्त्री आरोपीचे नियम पाठ होते: सूर्यास्तानंतर अटक नाही, अगदीच गरज पडली तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी, अंगझडती बाईनेच घ्यायची, मर्यादा सांभाळून. तृतीयपंथी व्यक्ती आणली की ठाणे अंमलदार वर बघायचा, महिला शिपाई म्हणायची मी नाही, पुरुष शिपाई हसायचे. मग झडती व्हायची कुठे, तर सगळ्यांसमोर. ती झडती नसायची, करमणूक असायची. मी स्वतः हात लावला नाही, पण उठून बाहेरही काढलं नाही कुणाला. स्टेशन डायरीत मुंबई पोलीस कायद्याची असभ्य वर्तनाची कलमं टाकून लिहायचो, '११०-११७ प्रमाणे कारवाई, समज देऊन सोडले'. ते 'समज' या शब्दात काय काय बसायचं ते मला विचारू नका.

@शंकासूर, तुमचा यादीचा मुद्दा मला पटत होता, आमचं सगळं काम याद्यांवरच चालतं. पण एक सांगतो. एखाद्या भागात चोरी झाली की पहिल्यांदा कुणाला उचलायचं हे आम्ही वही बघूनच ठरवायचो. त्या वहीत नाव कसं आलं हे मागच्या साहेबालाही माहीत नसायचं.


शंकासूर:

@रात्रपाळी, प्रामाणिक लिहिलंत, मानलं. पण आता काळ बदललाय हेही म्हणा. ३७७ गेलं ६ सप्टेंबर २०१८ ला. तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल त्याच्याही आधीचा, १५ एप्रिल २०१४. क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट तर स्वातंत्र्यानंतर लगेच गेला. मेलेल्या सापाला किती बडवायचं?


काळा कोट:

साप मेला, कात फिरतेय. ऐका.

१८७१ च्या कायद्याची जवळजवळ नक्कल निजामाच्या राज्यात १९१९ मध्ये झाली, निजामी कालगणनेप्रमाणे फसली १३२९ चा कायदा. तीच नोंदवही, तोच संशय, बायकी कपड्यांवर वॉरंटशिवाय अटक. तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला जुलै २०२३ मध्ये. नालसा निकालानंतरही तो नऊ वर्षं पुस्तकात होता. बरं, ते जुनं म्हणून राहून गेलं म्हणू. पण २०११ मध्ये कर्नाटकाच्या पोलीस कायद्यात नवं कलम ३६-अ घातलं गेलं. त्यात पोलिसांना 'युनक' लोकांची नावं-पत्ते लिहिलेली नोंदवही ठेवता येईल असं होतं. २०११! प्रकरण न्यायालयात गेल्यावर पुढे तो शब्द बदलला.

आता ३७७. ते कलम न्यायालयात फार कमी चाललं. ३७७ कायम ठेवणाऱ्या २०१३ च्या कौशल निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा उलटा वापरला: दीडशेहून अधिक वर्षांत २०० पेक्षाही कमी जणांवर खटले, मग छळ कुठे आहे? त्यांनी निकालपत्रं मोजली. बागेत, स्टेशनाबाहेर, 'घरी सांगू का' म्हणून घेतलेले पैसे आणि त्याहून वाईट जे काही घेतलं गेलं, त्याचं निकालपत्र नसतं. २००१ मध्ये लखनौत एचआयव्हीबद्दल जागृती करणाऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्यांना ३७७ खाली पकडून ४७ दिवस आत ठेवलं होतं. असा खटला उभा राहो न राहो, ४७ दिवस गेलेच.

आणि एक गंमत, खरं तर गंमत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३७७ मुळातच नाही. २०१८ च्या निकालाने संमतीचा भाग वगळला होता, जबरदस्तीचा ठेवला होता. आता तोही गेला, आणि बलात्काराची व्याख्या मात्र अजून 'पुरुषाने स्त्रीवर' अशीच आहे. कोठडीत पुरुषावर असा अत्याचार झाला तर कुठलं कलम लावायचं यावर आम्ही वकील मंडळी चहाच्या टपरीवर वाद घालतो. तृतीयपंथी व्यक्तीवर झाला तर २०१९ च्या कायद्याने लैंगिक अत्याचारालाही सहा महिने ते दोन वर्षं एवढीच शिक्षा लिहिली. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं आहेत. हा हिशोब कोणत्या तराजूत केला?


पांथस्थ:

कोठडीचा विषय निघालाच आहे तर 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' आठवावंच लागेल. १९७२, देसाईगंज पोलीस ठाणे, चौदा ते सोळा वर्षांची आदिवासी मुलगी, दोन पोलीस. सत्र न्यायालयाने तिला 'संभोगाची सवय' आहे म्हणून पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं, अंगावर खुणा नाहीत म्हणजे विरोध केला नसणार. त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आणि त्यातून उठलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा गुन्हा झाला. संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली संमती नव्हती, तर न्यायालयाने तेच धरून चालायचं.

त्याच १९८३ च्या दुरुस्तीने पीडितेचं नाव छापायला बंदी केली. आणि तो खटला आजही सगळे तिच्याच नावाने ओळखतात. म्हणून मी मुद्दाम कागदावरचं नाव लिहिलं. ते हवालदाराचं आहे.

मणिपूरबद्दल फार लिहीत नाही, तो वेगळा धागा होईल. १५ जुलै २००४ ला इम्फाळच्या कांगला किल्ल्यासमोर बारा बायकांनी सैनिकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध विवस्त्र होऊन निदर्शनं केली. दिल्लीतल्या बलात्कारानंतर नेमलेल्या वर्मा समितीने २०१३ मध्ये सुचवलं की लैंगिक गुन्ह्यासाठी सैनिकावर खटला भरायला अफ्स्पाखालची (सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदा) केंद्राची परवानगी लागू नये. बाकी सरकारी नोकरांसाठी ती अट गेली. अफ्स्पातली राहिली.


चौथी ओळ:

पहिल्यांदाच लिहितेय. बरेच दिवस नुसतं वाचत होते.

रात्रपाळी काका, तुम्ही जे लिहिलंत त्याच्या पलीकडच्या बाजूला मी होते. तुमचं ठाणं नसेल, पण खोली तीच. मला मारलं नाही. हे मी दरवेळी आधी सांगते, कारण लोक पहिल्यांदा तेच विचारतात. मला फक्त विचारलं, 'तू नक्की काय आहेस ते दाखव'. तिथे सात-आठ जण होते. एकाने डायरी उघडली आणि विचारलं, स्त्री लिहू का पुरुष? दुसरा म्हणाला, पेन्सिलीने लिही. सगळे हसले. मीही हसले. ते हसणं माझं मलाच अजून समजलेलं नाही.

नंतर ओळखपत्र काढायला गेले तेव्हा तोच प्रश्न, फक्त सौम्य आवाजात. २०१९ च्या कायद्यात जिल्हादंडाधिकाऱ्याचं प्रमाणपत्र ठेवलं, आणि स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी तर शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखला. नालसात न्यायालयाने लिहिलं होतं की शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा आहे. मी निकालाची प्रत घेऊन गेले होते. साहेबांनी चाळली आणि म्हणाले, 'मॅडम, सिस्टीममध्ये दाखला अपलोड केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही'. मॅडम म्हणाले, हे मात्र लक्षात राहिलं.


निळी शाई:

@चौथी ओळ, लिहिलंत त्याबद्दल काय बोलू. इथे थांबा, एवढंच म्हणते.

पुढचं पान उघडत नाही, हे जगभर झालंय. स्वीडनने १९७२ मध्ये कायद्याने लिंगबदल मान्य केला, तेव्हा फार पुढारलेला म्हणून कौतुक झालं. अट काय, तर आधी वंध्यीकरण. ही अट २०१३ पर्यंत होती. २०१८ मध्ये सरकारने चूक कबूल करून प्रत्येकी सव्वादोन लाख क्रोनर भरपाई द्यायचं ठरवलं. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तशीच अट ऑक्टोबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवली. कुणी जबरदस्तीने टेबलावर झोपवत नव्हतं. फक्त शरीर दिलं नाही तर कागद मिळत नव्हता.


रात्रपाळी:

@चौथी ओळ, बाळा, काय लिहू. माफी मागायचा अधिकार मला आहे का तेही कळत नाही.

एक कामाचं सांगतो. तामिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर पोलिसांच्या वर्तणूक नियमांतच घातलंय की एलजीबीटी व्यक्तींना आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांना पोलिसाने त्रास द्यायचा नाही. वर्तणूक नियम मोडला की खात्याची चौकशी लागते, आणि शिपाई कोर्टापेक्षा खात्याच्या चौकशीला जास्त भितो. हे इतर राज्यांनी केलं तर उपयोग होईल.


चौथी ओळ:

माफी नको काका. एक विचारायचं होतं. त्या रात्रीच्या डायरीत माझ्या नावापुढे शेवटी काय लिहिलं ते मला माहीत नाही. माहिती अधिकारात मागता येईल का?


काळा कोट:

येईल. तारीख, अंदाजे वेळ, ठाण्याचं नाव लिहा आणि 'माझ्याशी संबंधित स्टेशन डायरीतील नोंदीची प्रत' एवढंच मागा. कारण सांगायची गरज नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तपास चालू आहे म्हणून नाकारलं तर पहिलं अपील करा, मसुदा मी करून देतो, निरोप पाठवा.


चौथी ओळ:

अर्जावर नाव कुठलं लिहू? तेव्हाचं की आताचं?


काळा कोट:

दोन्ही. आताचं वर, खाली 'पूर्वीचं नाव' म्हणून तेव्हाचं. 'उर्फ' मात्र लिहू नका. उर्फ पोलिसांच्या कागदात आरोपीला लावतात.